केनियातल्या केरिचोसारख्या चहाच्या छोट्या गावात परदेशी माणसाने राहणं कसं आहे? परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की दोघांचंही काम लॅपटॉपवर होतं, नैरोबी महाग वाटतं आणि चहाच्या डोंगरात एखादं वर्ष राहून बघायचं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे माझा संसार सध्या केरिचोतच आहे. परवडतं, नक्की परवडतं. नैरोबीतल्या बऱ्या वस्तीच्या मानाने भाडं खूपच कमी आहे. फक्त घर निवडताना खिडकीतून मळा दिसतो का ते बघू नका, बाजार चालत किती लांब आहे ते बघा.

कारण पाऊस. केरिचो विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पण २,००० मीटरहून उंचावर आहे. व्हिक्टोरिया सरोवरावरची दमट हवा दुपारी डोंगरांना येऊन भिडते आणि वर्षातले बरेच दिवस दुपारनंतर धो-धो पाऊस पडतो, मधूनच गाराही. कोकणातल्यासारखा दिवसेंदिवस कोंडून ठेवणारा तो नाही. सकाळ बहुधा लख्ख असते. पण मळ्यांमधल्या कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो, बोडाबोडा (भाड्याची मोटरसायकल) तिथे यायला कुरकुरते आणि वादळात वीज जाते. धुणं सकाळी वाळत घालायचं, महत्त्वाचं कामही सकाळीच उरकायचं. भारतातल्या लोकांबरोबर काम असेल तर हे सोयीचं पडतं: इथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात.

स्वयंपाकाची चिंता करू नका. बाजारात कोबी, बटाटे, टोमॅटो, केळी, अॅव्होकॅडो ताजे आणि स्वस्त मिळतात. कोथिंबिरीला इथेही धनियाच म्हणतात. मूग, राजमा आहेत. मला सर्वांत आनंद झाला तो नाचणी बघून! इथे ती विंबी नावाने मिळते आणि इथल्या किप्सिगिस समाजाच्या पारंपरिक खाण्यातली आहे, त्यामुळे भाकरी सुटत नाही. सुकुमा नावाची पालेभाजी आपल्या लसणीच्या फोडणीत छान लागते. तूरडाळ, पोहे, हिंग असलं सामान मात्र किसुमूहून (व्हिक्टोरिया सरोवराकाठचं शहर) किंवा नैरोबीहून आणावं लागतं. आपल्याच सामानावर घर चालवायचं ठरवलंत तर स्वस्ताई संपली म्हणून समजा. चहा इथेही दूध घालून उकळूनच पितात. गावात शीख संत बाबा पूरन सिंग यांच्या स्मृतीशी जोडलेला मोठा गुरुद्वारा आहे, लंगर सगळ्यांसाठी खुला असतो. सुरुवातीच्या एकटेपणात मला तिथे फार आधार मिळाला.

आता जे सांगायलाच हवं ते. हे मळे फक्त बघण्यासाठी नाहीत. ब्रिटिश राजवटीत इथल्या किप्सिगिस आणि त्यांच्यातल्या तलाई कुळातल्या कुटुंबांना जमिनीवरून हुसकावलं गेलं, त्या जमिनींवर मळे उभे राहिले, आणि न्यायाची मागणी अजून चालू आहे. खुडणीची यंत्रं आल्यावर मजुरांची कामं गेली. २०२३ मध्ये संतापलेल्या लोकांनी यंत्रं जाळली. दुसरीकडे छोटे शेतकरी आपला पाला सहकारी धर्तीच्या कारखान्यांना घालतात, आणि वर्षाचा बोनस हातात पडला की गावाचा बाजार फुलतो. तुमची भाजीवाली, तुमचा घरमालक, मुलांच्या शाळेची फी, सगळं या पाल्याच्या भावावर हलतं. म्हणून बाजारात आठ-दहा शिलिंगांसाठी घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. घरकामाला बाई ठेवलीत तर पगार वेळेवर आणि नीट द्या. मळ्यात फिरायचं तर विचारून जा, खुडणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका. भेटेल त्याला थांबून ‘चामगे’ (इथला नमस्कार) म्हणा. घाईघाईने पुढे जाणं इथे उद्धटपणाचं दिसतं.

व्यवहार बहुतेक एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे देण्याची सोय) चालतो; पासपोर्ट दाखवून सिम घ्या. साधा दवाखाना गावात आहे, पण गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी किसुमू किंवा नैरोबी गाठायची तयारी ठेवा, आणि आरोग्य विमा आधीच काढा. पर्यटक म्हणून येऊन महिनोन्महिने काम करत राहू नका, योग्य परवाना काढूनच या. जमीन घ्यायचा मोह झालाच तर २०१० च्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी माणसाला ९९ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा मिळत नाही, मालकी तर नाहीच. कोणी दलाल वेगळं सांगत असेल तर उठून या.

शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये या. तेव्हा पावसाचा जोर असतो, आणि तेव्हा घर आवडलं तर वर्षभर आवडेल. आधी दोन-तीन महिन्यांचंच भाडं ठरवा. निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण केनियाहून भारतात परत येताना ते विमानतळावर मागतात.