फ्रेंडली यूआरएल केलं आणि साइट गोल गोल फिरायला लागली

प्रश्न : नमस्कार, माझी साइट पीएचपीत आहे, अपाची सर्व्हरवर. लिंक 'लेख.पीएचपी?आयडी=27' अशी दिसायची, ती 'लेख/27' व्हावी म्हणून एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हर सेटिंगच्या फाइलमध्ये रीराइटचा (आतल्या आत पत्ता बदलायचा) रूल टाकला. पान उघडतं पण डिझाइन सगळी गायब, नुसता मजकूर. आणि जुन्या लिंकवरून नव्यावर पाठवायला वर 301 (कायमचं रीडायरेक्ट) टाकला तर ब्राउझर म्हणतो फार वेळा रीडायरेक्ट झालं. रूल कुठे चुकला?

उत्तर : पहिला रूल बरोबरच आहे, पान उघडतंय ना मग. डिझाइन जाते कारण तुम्ही सीएसएसचा (डिझाइनच्या फाइलचा) पत्ता नुसता 'स्टाइल.सीएसएस' असा दिलाय. आत कोणती फाइल चालते हे ब्राउझरला काय माहीत, त्याला 'लेख/27' दिसतं म्हणून तो सीएसएस 'लेख' नावाच्या फोल्डरात शोधतो, असं फोल्डरच नाहीये. पत्त्याच्या आधी स्लॅश द्या, फोटोंनाही द्या, झालं.

खरी गंमत 301 ची आहे. जुनी लिंक आली, 301 ने ब्राउझरला 'लेख/27' वर धाडलं, तिथे तुमच्या त्या पहिल्या रूलने आतल्या आत परत 'लेख.पीएचपी' केलं, आणि एचटीअ‍ॅक्सेसमध्ये रीराइट झालं की सगळे रूल पुन्हा पहिल्यापासून लागतात, म्हणजे 301 परत हजर! एल फ्लॅग (रूलच्या शेवटी लावायची 'लास्ट' ही खूण) लावला की सगळं तिथेच थांबतं असं बरेच जण धरून चालतात, पण तो फक्त ती फेरी थांबवतो. अपाची 2.4 असेल तर आतल्या रूलला एलच्या जागी एंड फ्लॅग लावा, तो पुढच्या फेऱ्याही थांबवतो. मला मात्र दुसरा उपाय जास्त आवडतो, तो जुन्या व्हर्जनवरही चालतो : 301 च्या लगेच वर एक रीराइटकंड (रूल कधी लागू व्हावा याची अट) टाका आणि त्यात 'द रिक्वेस्ट' हे व्हेरिएबल तपासा. ब्राउझरने मुळात पाठवलेली ओळ त्यात असते आणि आत कितीही रीराइट झालं तरी ती बदलत नाही, त्यामुळे ज्याने खरंच जुनी लिंक मागितली त्यालाच 301 मिळतो.

आयडीचा आकडाही त्या कंडमध्येच पकडा, कारण रूलचा पॅटर्न प्रश्नचिन्हाच्या पुढचं बघतच नाही. मग नव्या पत्त्यात डॉलर-एक (रूलच्या पॅटर्नने पकडलेलं) नाही, टक्का-एक (कंडने पकडलेलं) लिहायचं. आणि शेवटी एक नुसतं प्रश्नचिन्ह ठेवा, नाहीतर 'लेख/27?आयडी=27' असलं विचित्र काहीतरी दिसेल. हो, कंड फक्त त्याच्या खालच्या एकाच रूलला लागू होतो, मध्ये दुसरा रूल घुसवू नका.

टेस्टिंग 302 ने (तात्पुरत्या रीडायरेक्टने) करा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो, रूल दुरुस्त केला तरी जुनंच दाखवत बसतो आणि आपण उगाच फाइल उकरत राहतो. आत्ताही आधी प्रायव्हेट विंडोत उघडून बघा.