डाळिंबाची फुलं एवढी का गळतात?

प्रश्न: आमची भगव्या जातीच्या डाळिंबाची बाग आहे, आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा, धरलाय. झाडं फुलांनी लालभडक झालीत पण रोज सकाळी खाली सडा पडलेला असतो. दुकानदार म्हणतो गळ थांबवायचं औषध मारा. मारू का? आणि गुटी, म्हणजे कलमाचं रोप, महाग पडते, घरच्याच फळाचं बी लावलं तर?
– एक वाचक, सांगोला

उत्तर: दादा, औषध जरा राहू द्या. आधी गळालेली दहाबारा फुलं उचला आणि ब्लेडनं उभी चिरून बघा. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. नर फूल बुडाशी निमुळतं, घंटेसारखं असतं, आत पिवळे पराग भरपूर पण बीजांडकोश, म्हणजे ज्याचं पुढं फळ होतं तो भाग, खुरटलेला, त्यामुळं ते फळ धरूच शकत नाही, काहीही फवारा, ते गळणारच. दुसरं बुडाशी फुगीर, त्याला आपण मादी कळी म्हणतो, पण त्यात परागही असतात आणि नीट वाढलेला बीजांडकोशही, फळ होतं ते ह्याचंच. फळ पोसायला झाडाला लई अन्न लागतं, पराग त्यामानानं स्वस्तात होतात, म्हणून नर फुलं बरीच येतात आणि झाड अशक्त असलं तर आणखी वाढतात.

म्हणजे सड्यात निमुळती फुलंच जास्त असतील तर काळजी नको. फुगीर कळ्या पडत असतील तर मात्र पाणी, खत, रोग, किडी आणि परागीभवन सगळं तपासा. आतला एकेक दाणा म्हणजे एक स्वतंत्र बी, परागाचा एक कण एका बीजांडापर्यंत पोचला तेव्हा एक दाणा झाला, असे शेकडो जमावे लागतात, आणि पराग इकडून तिकडं न्यायचं काम मुख्यतः मधमाश्या करतात. म्हणून हात जोडून सांगतो, फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारू नका, मारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

बियांचं म्हणाल तर नकोच. बी दोन पेशींच्या मीलनातून होतं, गुणांची सरमिसळ होते, भगव्याच्या बियातून भगव्यासारखंच फळ येईल ह्याची खात्री नाही. गुटी म्हणजे त्याच झाडाची फांदी मुळं फोडून वेगळी केलेली, गुण तेच. पण मातृझाडाला तेल्या, म्हणजे तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग, असला तर तोही सोबत येतो, त्यामुळं स्वस्तातली गुटी कुठूनही उचलू नका. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरला आलात की तिथं रोपांची चौकशी करा.