खमिसियाचं पत्र आणि फेटाळलेला क्लेम

प्रश्न: माझे यजमान १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत होते. मार्चमध्ये दक्षिण इराकमधल्या खमिसियाचा शस्त्रसाठा उडवला, तेव्हा ते त्याच भागात होते. 'तुमचा सरीन या विषारी वायूशी संपर्क आला असण्याची शक्यता आहे' असं पत्र नंतर संरक्षण खात्याकडून आलं. थकवा, अंगदुखी, पोटाच्या तक्रारी आणि विसराळूपणा वर्षानुवर्षं चालू आहे. तपासण्या नॉर्मल येतात. 'आजार सरीनमुळे झाल्याचा पुरावा नाही' म्हणून व्हेटरन्स अफेअर्सनं (व्हीए, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्यानं) सात महिन्यांपूर्वी भरपाईचा क्लेम नाकारला. सरकारवर दावा लावता येईल का?

उत्तर: ताई, नाही लावता येणार. सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला केंद्र सरकारकडून नुकसानभरपाई मागता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५० साली फेरेस खटल्यात ठरवलं. लष्करानं नकळत एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं औषध देऊन ज्याच्यावर प्रयोग केला, त्या सैनिकालाही १९८७ मध्ये याच न्यायालयानं रिकाम्या हातानं परत पाठवलं. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो, पण तो आहे. त्यावर पैसे घालवू नका.

व्हीएचा रस्ता मात्र बंद झालेला नाही. माझ्या मते तुमचा क्लेम सरीनच्या, म्हणजे चुकीच्या मुद्द्यावर लढला गेला. खमिसियाला ४ आणि १० मार्चला स्फोट झाले. सरीन भरलेली रॉकेट्स त्यात होती हे पेंटॅगॉननं १९९६ मध्ये मान्य केलं आणि पुढे सुमारे एक लाख सैनिकांना पत्रं गेली. पण ती पत्रं, वायू कुठवर पसरला असेल याच्या संगणकानं काढलेल्या अंदाजावरून पाठवली होती. तुमच्या यजमानांच्या श्वासात नेमकं किती गेलं, हे कुणीच मोजलं नव्हतं. सरीन पचवण्याची ताकद प्रत्येकाच्या जनुकांप्रमाणे कमीजास्त असते, असं २०२२ मधल्या टेक्सासच्या एका संशोधनातून दिसलं. काम महत्त्वाचं आहे, पण एका माणसाच्या क्लेममध्ये ते पुढे केलं की तज्ज्ञांची जुगलबंदी सुरू होते आणि त्यात तुम्ही थकून जाल.

आखाती युद्धातल्या सैनिकांसाठी वेगळा नियम आहे: ३८ सीएफआर ३.३१७ (सीएफआर म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांचा संग्रह). त्यात कारण सिद्ध करावं लागतं असं नाही. इराक-कुवेतच्या त्या क्षेत्रात सेवा झाली असेल आणि निदान न होणारा त्रास सहा महिने किंवा जास्त टिकला असेल, तर तो सेवेमुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. फायब्रोमायल्जिया (अंगभर चालणारी दुखणी), क्रॉनिक फटीग सिंड्रोम (न हटणारा थकवा) आणि आयबीएससारखे (आतड्यांची रचना ठीक असूनही होणारा त्रास) पोटाचे कार्यात्मक विकार निदान झालं तरी यात बसतात. २०२२च्या पॅक्ट ॲक्ट या माजी सैनिकांसाठीच्या कायद्यानं त्रासामुळे किती टक्के अपंगत्व असावं आणि कधीपर्यंत दिसावा या अटीही काढल्या. म्हणजे 'सगळं नॉर्मल' हे रिपोर्ट, जे तुम्हाला इतकी वर्षं छळत होते, ते इथे तुमच्याच कामाचे आहेत.

एक खाच मात्र आहे. डॉक्टरांनी 'गुडघ्याची झीज' किंवा 'ॲसिड रिफ्लक्स' असं ठरलेल्या कारणाचं निदान लिहिलं, तर तेवढी तक्रार या नियमाबाहेर जाते. खोटं कुणाकडूनही लिहवून घेऊ नका. फक्त प्रत्येक तक्रार वेगळी नोंदवली जाईल हे पाहा.

आता सप्लिमेंटल क्लेम करा, म्हणजे नवा पुरावा जोडून पुन्हा अर्ज. हायर-लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठांकडून फेरतपासणी) नको, कारण तिथे नवा पुरावा घेत नाहीत. नकाराच्या पत्राच्या तारखेपासून वर्षाच्या आत अर्ज केलात, तर मंजुरीनंतरची थकबाकी जुन्या अर्जाच्या तारखेपासून धरली जाऊ शकते. वर्ष उलटलं तरी अर्ज करता येतो, पण पैसे नव्या तारखेपासून. तुमच्या हातात पाचेक महिने आहेत.

नव्या पुराव्यात सर्वांत मोलाचं तुमचंच निवेदन आहे. त्रास कधीपासून दिसला, ते कोणती कामं करू शकत नाहीत, किती रजा पडल्या, एकाच रस्त्यावर किती वेळा चुकले, हे साध्या शब्दांत लिहा. डॉक्टर नसलेल्यांनी पाहिलेल्या आणि पडताळता येणाऱ्या गोष्टी हा नियम मान्य करतो. तुकडीतल्या एखाद्या सोबत्याचंही निवेदन जोडा. डीडी-२१४ (सैन्यसेवेचा दाखला) आणि खमिसियाचं ते पत्र सोबत असू द्या, कारण ते तिथे होते हे त्यावरून दिसतं. दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल ठरला, तर कायद्यानं कौल सैनिकाच्या बाजूनं जातो.

व्हीएच्या तपासणीला यजमानांसोबत जा. 'कसं वाटतं?' म्हटलं की माजी सैनिक हमखास 'ठीक आहे' म्हणतो, आणि डॉक्टर तेच लिहून टाकतात. सर्वांत वाईट दिवस कसा जातो, ते सांगायला लावा.

अर्ज भरायला माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात. पुन्हा नकार आला आणि व्हीएच्या अपील बोर्डाकडे जायची वेळ आली, तर वकील करा. साधारणपणे थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी मानतात. आधीच रोख मागणारा भेटला, तर त्याच्या दारातून परत या.