पुण्याहून तंबू घेऊन दांडेली, बंदीपूर, मुदुमलै असा गाडीने फेरा करायचा आहे. म्हैसूरहून पुढे रात्री निघालं तर एक दिवस वाचेल का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. मे महिन्यात दोन कुटुंबं दोन गाड्यांनी जाणार, तर तंबू कोणता घ्यावा, तो कुठे लावावा, आणि रात्रीचा प्रवास करून एक दिवस वाचवावा का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो वाचून मला राहवलं नाही. नाही. अजिबात वाचवू नका. याच एका दिवसावरून आमच्या घरात अजून वाद चालू आहे, आणि माझ्या मते तो वाद त्याच सकाळी बंदीपूरच्या रस्त्यावर संपला होता.

आमचाही बेत तुमच्यासारखाच होता. आमची एक गाडी, धाकट्या दिरांची एक. पुणे ते बेळगाव साधारण ३४० किलोमीटर, तिथून दांडेली. दांडेलीचं अभयारण्य आणि अणशीचं राष्ट्रीय उद्यान मिळून आता काली व्याघ्र प्रकल्प म्हणतात. तिथवर सगळं छान झालं. धनेश पाहिले, मुलांनी काली नदीच्या पाण्यात मनसोक्त धुडगूस घातला. पुढे हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग करत म्हैसूर गाठायचं होतं. तंबू भाऊजींच्या गाडीच्या कॅरियरवर बांधलेले होते. ते आत ठेवा असं मी पुण्यातच म्हटलं होतं, पण डिकीत मुलांच्या सायकली आल्या. दावणगिरीच्या पुढे वळीव कोसळला. वाऱ्याने ताडपत्रीची एक बाजू सुटली ती चित्रदुर्गपर्यंत फडफडत राहिली आणि तंबूंच्या पिशव्यांतून पाणी निथळायला लागलं. ओला तंबू गुंडाळून ठेवला तर उन्हाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरतो, त्यामुळे दुसरा दिवस म्हैसूरच्या लॉजच्या गच्चीवर तंबू वाळवण्यात गेला. निघायला साडेपाच झाले. त्यात नंजनगूडला भाऊजींनी तिथली प्रसिद्ध रसबाळे केळी घेतली, अख्खा घड. सुगंध असा की काचा बंद केल्यावर गाडीत दुसरा कसला वास येईना. गुंडलुपेटला पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते आणि अंधार पडला होता.

आमचं बुकिंग होतं मसिनागुडीला, म्हणजे बंदीपूर ओलांडून, तमिळनाडूत मुदुमलैच्या जंगलातल्या तेप्पकाडूच्या पुढे. गुंडलुपेटला रस्ता फुटतो. एक सुलतान बत्तेरीकडे केरळात जातो, दुसरा तेप्पकाडूवरून गुडलूर-उटीकडे. दोन्ही बंदीपूरच्या जंगलातून जातात आणि दोन्ही रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतात. रात्री गाड्यांखाली जनावरं मरायची म्हणून २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हा प्रशासनाने ही बंदी घातली. कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, ती उठावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तरी फाटक नऊला लागतंच. रुग्णवाहिका आणि ठरावीक सरकारी बस तेवढ्या सोडतात. शेजारच्या नागरहोळेच्या जंगलातून केरळात मानंदवाडीकडे जाणारा रस्ता तर संध्याकाळी सहालाच बंद होतो, हेही तुमच्या बेतात धरा.

चहाच्या टपरीवर भाऊजी म्हणाले, "वहिनी, अजून तास-सव्वातास आहे हातात. नऊच्या आत फाटकातून शिरलं की झालं. आत कोण अडवतंय?"

मी म्हटलं, "भाऊजी, माणूस अडवणार नाही. जनावर आडवं आलं तर काय करणार?"

"सगळे जातायत. तो बघा ट्रक, तो बघा केरळचा बोलेरोवाला. तुम्ही उगाच घाबरताय."

घाबरण्याचा प्रश्नच नव्हता. खंबाटकी आणि आंबा घाट मी भर पावसात रात्री उतरले आहे. पण घाटात रस्त्याचं वळण आपल्याला ठाऊक असतं. जंगलात रस्त्यावर काय उभं असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोरून ट्रक येतोय म्हणून तुम्ही लाइट खाली केलात की जेमतेम पन्नासेक मीटर दिसतं. म्हणजे दोन-सव्वादोन सेकंद. हरणाचे डोळे तरी लांबून चमकतात. हत्तीचं अंग चिखलाच्या रंगाचं, डोळे उजेडाच्या वर, आणि दिसतात ते फक्त पाय, तेही झाडाच्या बुंध्यासारखे. ही आकडेमोड मी त्या टपरीवरच करून दाखवली. भाऊजी म्हणाले, "एवढा विचार केला तर घराबाहेर पडायलाच नको." मी आमच्या गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि समोरच्या लॉजवर खोल्या विचारायला गेले. दोन्ही गाड्यांतली माणसं एकत्र आहेत तर दोन्ही गाड्या थांबतील, एवढंच सांगितलं. जाऊबाई माझ्या बाजूने बोलल्या, हे मी विसरणार नाही. केळी मी लॉजवरच्या पोरांना वाटून टाकली, त्यावरूनही बोलणी खाल्ली. सत्यमंगलमच्या बाजूला हत्ती उसाचे ट्रक अडवून ऊस ओढून खातात, हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पिकलेल्या केळ्यांचा घड घेऊन हत्तींच्या रानात शिरायचं मला पटत नव्हतं, अजूनही पटत नाही.

सकाळी पावणेसहाला फाटकापाशी ही मोठी रांग. भाजीचे टेम्पो, ट्रक, सरकारी बस, आमच्यासारख्या पर्यटकांच्या गाड्या. सहाला फाटक उघडलं. आमच्या पुढे कर्नाटकची लाल बस होती. दोन्हीकडे घाणेरीची झुडपं माजलेली, उन्हाने वाळून कोळपलेली, मध्ये कुठे बांबू. थोडं आत गेल्यावर एका वळणाच्या तोंडाशी बस थांबली. हॉर्न नाही, काही नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पंजा खाली करून सावकाश हलवला: थांबा, मागे सरका.

रस्त्याच्या मधोमध हत्तीण होती. आमच्यापासून शंभरेक मीटरवर असेल. पाठीवर लाल माती, कपाळावर केस, आणि कान पसरून ताठ धरलेले. हत्ती कान हलवत असेल तर तो आपल्या तंद्रीत असतो. कान असे ताठ पसरले की त्याने तुमची दखल घेतलेली असते. ती दोन पावलं बसच्या दिशेने आली आणि थांबली. सोंड वर करून तिने वास घेतला. मग डावीकडच्या घाणेरीतून पिल्लू बाहेर आलं, तिच्या पोटाखालून पलीकडे गेलं, आणि त्याच्यामागून आणखी दोन माद्या. सगळा वेळ ती बसकडे तोंड करून उभी. शेवटचा हत्ती रस्ता ओलांडून गेल्यावरच ती वळली.

मी बसपासून बरंच अंतर ठेवलं होतं, त्यामुळे मला गाडी मागे घेता आली. भाऊजींच्या मागे टेम्पो चिकटलेला होता, त्यांना जागेवरून हलता येत नव्हतं. माझ्या पुतण्याने आईचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. हे मी मुद्दाम सांगते आहे. जंगलात पुढच्या गाडीला चिकटून जाऊ नका आणि मागच्यालाही चिकटू देऊ नका, त्याला आधी पुढे जाऊ द्या. मागे यायला जागा असणं हाच तिथला एकमेव उपाय आहे. हॉर्न वाजवायचा नाही, फोटोसाठी उतरायचं नाही, खायला काही टाकायचं नाही. या रस्त्यावर नुसती गाडी थांबवली तरी दंड होतो.

आता तो वाद. भाऊजी दर गौरी-गणपतीला पाहुण्यांसमोर सांगतात की वहिनींमुळे मसिनागुडीचा एक दिवस बुडाला आणि झालं तर काहीच नाही, हत्तीण दिसली ती छान लांबून दिसली. अहो, लांबून दिसली कारण उजेड होता! तीच हत्तीण, तेच पिल्लू, तेच वळण रात्री साडेआठला असतं, तर बसच्या ड्रायव्हरचा हात कुणाला दिसला असता? आणि दिवस बुडाला तो म्हैसूरच्या गच्चीवर, कॅरियरवरच्या ताडपत्रीमुळे. गुंडलुपेटला आम्ही फक्त झोपलो.

तंबूचं थोडक्यात. राष्ट्रीय उद्यानाच्या आत स्वतःचा तंबू लावता येत नाही, हे डोक्यातून काढूनच टाका. परवानगीशिवाय आत शिरणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तंबू लागतो तो जंगलाबाहेरच्या होमस्टेच्या अंगणात. मसिनागुडीला आमच्या घरमालकांनी आमचा तंबू फणसाखालून उचलायला लावला, कारण मे महिन्यात पिकल्या फणसासाठी हत्ती थेट अंगणात येतात. जानेवारी २०२१ मध्ये वायनाडला मेप्पाडीजवळ तंबूत मुक्कामाला आलेल्या एका बाईंचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला, तेव्हा मालक सांगेल तिथेच लावा, आणि त्याने नको म्हटलं तर खोलीत झोपा. तंबूत फळं, खाऊ काही ठेवायचं नाही. शेकोटीही नको. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूरचं हजारो एकर रान जळालं, आणि मे महिन्यात तिथली घाणेरी काडेपेटीच्या काडीची वाट बघत असते. बाहेरचं छत वेगळं असलेला कोणताही बरा तंबू चालेल, फक्त तो गाडीच्या आत ठेवा.

मी सांगितलं ते दक्षिणेचं. ताडोबा-पेंचचे नियम आणि सुट्टीचे वार वेगळे आहेत. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर रात्री निघावंच लागतं, त्याबद्दल मी बोलत नाही. केरळात जायचं तर हुणसूर-गोणीकोप्पा-कुट्टावरून वळसा आहे. मसिनागुडी निलगिरी जिल्ह्यात येतं, तिथे मे २०२४ पासून ई-पास लागतो आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या चालत नाहीत, म्हणून स्टीलच्या न्या. पेट्रोल गुंडलुपेटला भरून घ्या.

म्हैसूर दुपारी दोनच्या आत सोडा. ते जमलं नाही तर गुंडलुपेटला मुक्काम, हे पुण्यातून निघण्याआधी दोन्ही गाड्यांनी ठरवून घ्या, आणि दोन्हीपैकी एका ड्रायव्हरने जरी थांबू या म्हटलं तरी दोन्ही गाड्या थांबतील, हेही तेव्हाच सगळ्यांसमोर कबूल करून घ्या.