हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंग करायचंय. एकदाच डाइव्ह करून पाहावी की कोर्सच करावा?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत तुम्ही दोघं अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) पाच रात्री राहणार आहात, तुम्हाला बऱ्यापैकी पोहता येतं आणि वहिनींना अजिबात येत नाही. माझं उत्तर दोघांसाठी वेगळं आहे. तुम्ही ओपन वॉटर कोर्स करा, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं कार्ड देणारा रीतसर कोर्स. वहिनींसाठी किनाऱ्यावरून होणारी साधी डाइव्ह ठरवा, पण ती तुमच्या कोर्सच्या धावपळीत कोंबू नका. एक निवांत सकाळ फक्त त्यांच्यासाठी ठेवा.

असं का सांगतोय, ते माझ्या पहिल्या डाइव्हवरून लक्षात येईल. ती अंदमानात नव्हे, दुसऱ्याच एका गर्दीच्या किनाऱ्यावर झाली. बोटीवर दहा मिनिटांत खुणा शिकवल्या आणि लगेच पाण्यात उतरवलं. दोन-तीन मीटर खाली गेल्यावर डाव्या कानात कळ आली. घाबरून मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, ‘सगळं ठीक’ असा नाही, आणि मला खरंच वर यायचं होतं. पण मागून सिलिंडर धरलेल्या माणसाला तो अंगठा कॅमेऱ्यासाठी वाटला असावा. त्याने मला आणखी खाली नेलं. पुढचे चार दिवस त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं मी समुद्राकडे फिरकलो नाही. मग हॅवलॉकला एका शांत बाईंकडे रीतसर कोर्स केला आणि तेव्हा कळलं की हे सगळं किती सोपं आणि किती सुंदर असू शकतं.

कानाचं गणित आधी समजून घ्या, कारण पहिल्या डाइव्हचं बरंवाईट बहुतेक वेळा तिथेच ठरतं. पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा दाब असतोच. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. म्हणजे दुपटीचा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो, म्हणून कान सगळ्यात जास्त त्रास देतात ते अगदी सुरुवातीला. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून नाकात हलकेच हवा फुंकायची, कानात ‘पुक्’ झालं की पुढे जायचं. हे दुखायला लागण्याआधी करायचं, प्रत्येक अर्ध्या-एका मीटरला. दुखलंच तर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा करून पाहायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, पैसे भरलेले असले तरी नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर भरून घेतलेली फुप्फुसभर हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते.

आता पर्याय. ज्याला लोक नुसतं ‘स्कूबा केलं’ म्हणतात ती म्हणजे डीएसडी (डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग) किंवा ट्राय डाइव्ह, इन्स्ट्रक्टरसोबतची एकच डाइव्ह. त्यासाठी पोहता येणं गरजेचं नाही, वय किमान 10 लागतं आणि खोलीची कमाल मर्यादा 12 मीटर असते. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवाही तोच कमी-जास्त करतो. हॅवलॉकला यातली बरीचशी मंडळी नेमो रीफवर जातात. तिथे किनाऱ्यावरून चालतच पाण्यात उतरतात. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो, आणि पाय टेकलेले असल्यामुळे न पोहणाऱ्या माणसाची निम्मी भीती तिथेच जाते. म्हणून वहिनींसाठी बोटीपेक्षा मी हेच सुचवेन. बोटीवरून पाठीवर पडून उडी मारायची आणि खाली तळच दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी कशाला? (पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बेला डोक्यावर हेल्मेट घालून चालवतात तो सी-वॉक, तो स्कूबा नव्हे. तिकीट काढताना घोटाळा नको.)

तुम्ही मात्र ओपन वॉटर करा, असं आग्रहाने सांगतोय. ट्राय डाइव्हमध्ये समुद्र तुम्हाला दाखवला जातो, कोर्समध्ये तुम्ही स्वतः त्यात वावरायला शिकता. पॅडी किंवा एसएसआय, डायव्हिंगचं प्रमाणपत्र देणारी यातली कुठलीही संस्था चालेल. दोन्हींचं कार्ड जगभर चालतं, 18 मीटरपर्यंत डाइव्ह करता येते आणि ते कायमचं असतं. बेटावर तीन-चार दिवस जातात. आधी उथळ पाण्यात किंवा पूलमध्ये सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. पोहण्याची परीक्षा असते ती एवढीच: 200 मीटर न थांबता, कुठल्याही पद्धतीने, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगून राहायचं. ‘बऱ्यापैकी पोहता येतं’ म्हणजे नेमकं किती, हे निघण्याआधी पूलमध्ये एकदा मोजून बघा. थिअरी ऑनलाइन असते, तीही घरूनच संपवून जा. समोर निळा समुद्र असताना खोलीत बसून व्हिडिओ बघायची वेळ येऊ नये.

कोर्समधला सगळ्यांना नको वाटणारा भाग म्हणजे मास्क काढणं. गुडघ्यांवर बसलेले असता, मास्क पूर्ण काढायचा, डोळे मिटून नुसतं तोंडाने श्वास घेत राहायचं, मग पुन्हा चढवून नाकाने हवा फुंकायची, म्हणजे आतलं पाणी खालच्या कडेने निघून जातं. मला पहिल्या वेळी नाकात खारं पाणी गेलं आणि मी उठायलाच निघालो होतो. बाईंनी खांद्यावर हात ठेवला, बोटांनी ‘सावकाश’ खूण केली आणि स्वतः माझ्यासमोर संथ श्वास घेत राहिल्या. त्यांचे बुडबुडे बघत बघत माझाही श्वास त्यांच्या लयीत आला. पाचव्या वेळी जमलं. पुढे तिसऱ्या डाइव्हला एका सोबत्याचा फिन (पायात घालायचं रबरी वल्हं) लागून माझा मास्क खरोखर सरकला, तेव्हा हाताने आपोआप जे करायचं ते केलं.

इथूनच शाळा कशी निवडायची ते येतं. दर विचाराच, पण आधी विचारा की एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी असतील, वहिनींच्या डाइव्हला एकास एक मिळेल का, आणि एखादा सराव जमला नाही तर दुसऱ्या दिवशी परत घेतात का. फोन उचलणारा याची उत्तरं न देता फोटो-व्हिडिओ फुकट असल्याचंच सांगत राहिला, तर पुढच्या दुकानात जा. मेडिकल फॉर्मही आधीच मागवून घ्या. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते आणि ती गावातूनच घेऊन गेलेली बरी. गरोदरपणात डाइव्ह अजिबात नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी सांगून ठेवा, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

जागांबद्दल थोडंसं. ओपन वॉटरसाठी लाइटहाउस आणि अक्वेरियम छान. जेट्टीपासून जवळच ‘द वॉल’ आहे, प्रवाळाची भिंत खोल उतरत जाते. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही नावं फार ऐकू येतील, पण त्या खोल जागा आहेत आणि प्रवाहही असतो. तिथे 30 मीटरपर्यंत नेणारा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेला बरा. तो पाच डाइव्हचा असतो, पुढच्या खेपेला करा. पहिल्याच सहलीत दोन्ही कोर्स उरकून टाकणारे मी पाहिलेत. हवेत तरंगल्यासारखं स्थिर राहणं अजून जमलेलं नसतं आणि त्यांचे फिन्स प्रवाळावर आपटत असतात. हे बघवत नाही. इथल्या प्रवाळाने 2010 साली समुद्र तापल्यामुळे मोठा फटका खाल्लाय, काही ठिकाणी मेलेलं प्रवाळ अजून दिसतं. हात लावू नका. तुकडा किंवा शिंपला खिशात तर मुळीच नको, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे.

फेब्रुवारी निवडलात ते उत्तम केलंत, समुद्र शांत असतो आणि पाणी स्वच्छ. पाच रात्रींत चार पूर्ण दिवस मिळतात. पहिले तीन तुमच्या कोर्सचे, चौथी सकाळ वहिनींची. तोवर तुमच्याकडे कार्ड आलेलं असेल, तेव्हा वेगळा गाइड घेऊन तुम्हालाही त्याच वेळी पाण्यात उतरता येईल का ते विचारा. फक्त त्यांचा हात धरायला जाऊ नका, ते काम त्यांच्या इन्स्ट्रक्टरचं. त्या दिवशी त्यांचे कान साथ देत नसतील किंवा मनच होत नसेल, तर हट्ट करू नका. लाइफ जॅकेट घालून एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करा, मासे तिथेही भरपूर दिसतात.

परतीचं विमान डोळ्यांसमोर ठेवूनच हे सगळं आखा. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, एकच डाइव्ह झाली असेल तर 12 तास. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. तुमच्या बेतात चौथ्या दिवशी सकाळी डाइव्ह, पाचव्या दिवशी फेरीबोटीने पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजय पुरम, आणि दुपारनंतरचं विमान हे आरामात बसतं. त्याच दिवशी पहाटेचं तिकीट काढलं असेल तर बदलून घ्या.

आणि नेमो रीफची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, घड्याळावर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच विचारून ठेवा, पहाटे साडेपाचला तयार राहायला सांगितलं तर वहिनींना आदल्या रात्री तशी कल्पना द्या.