लाइक मिळत होते, काम मिळत नव्हतं

"मॅडम, माझं काम वाईट असेल तर तसं सांगा. पण चांगलं असूनही कुणाच्या नजरेतच येत नसेल, तर मी करू काय?"

अठ्ठावीस वर्षांची ती फोटोग्राफर मुलगी हे विचारताना माझ्याकडे नाही, हातातल्या फोनकडे बघत होती. कलेच्या क्षेत्रात उतरलेली कितीतरी मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून तिचा अनुभव लिहिते आहे. ओळख पटू नये यासाठी तपशील थोडे बदलले आहेत.

तीन वर्षं रोज एक फोटो टाकायचा, हा तिचा नेम होता. सूर्यास्त, दागिने, मैत्रिणींचे पोर्ट्रेट, पाऊस, रस्ते, सगळंच. रात्री झोपण्याआधी आकडे बघायचे आणि कमी लाइक आले की तो फोटो काढून टाकायचा. झोप उडाली होती. घरचे "अजून किती दिवस?" म्हणायला लागले होते, आणि ती सकाळची अर्धवेळ नोकरी सोडून द्यायच्या विचारात होती.

"माझं व्हिव्हियन मायरसारखं होणार," ती म्हणाली. मायर मुलं सांभाळायचं काम करायची. फावल्या वेळात तिनं एक लाखाहून जास्त फोटो काढले. २००७ मध्ये तिच्या भाड्याच्या गोदामातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा कुठे ते लोकांच्या हाती लागले. २००९ मध्ये ती गेली आणि नाव झालं ते त्यानंतर. ही गोष्ट या मुलांना फार जवळची वाटते, आणि मला त्याचीच काळजी वाटते. कारण मायरनं आपलं काम जवळपास कुणाला दाखवलंच नव्हतं.

"तू कुणाला दाखवलंस?" मी विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळ्यांना नको. फोटोग्राफरला काम देणं ज्याच्या हातात आहे, असा एक माणूस सांग."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूहळू बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी तिनं एका ज्येष्ठ फोटोग्राफरला आपला अल्बम नेऊन दाखवला होता. त्यांनी भराभर पानं उलटली, एक शब्द न बोलता अल्बम मिटला आणि परत दिला. त्यानंतर ती काम घेऊन कुणासमोर बसलीच नाही. रोजचा फोटो टाकणं हे तिच्यासाठी काम दाखवणं नव्हतंच. तिथे बघणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, एवढ्यासाठी ते सोपं होतं. तिला आळशी किंवा भित्री म्हणणारे भेटले असतील. मला तर ती दुखरी जागा जपत चालणारी वाटली.

पुढच्या भेटीला मी तिला चाळीस फोटो पोस्टकार्डाएवढे छापून आणायला सांगितले. काढून टाकलेलेही हवेत, असं बजावलं. फोटोग्राफीतलं मला फारसं कळत नाही, हेही तिला आधीच सांगून टाकलं. सगळे टेबलावर पसरले. तिनं आवडते पुढे ओढले, आणि तीन फोटो कडेला तसेच राहिले. एक वेल्डर, मुखवटा वर सरकवलेला, कपाळावर त्याच्या पट्ट्याचा लाल वळ. जिन्यात बूट काढून बसलेली नर्स. तालीम संपल्यावर पायाची बोटं दाबत बसलेली नर्तकी.

"हे चालले नाहीत," ती म्हणाली.

"काढले कसे, ते सांग."

त्यावर ती वीस मिनिटं बोलत होती. काम थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत माणसाचा चेहरा कसा सैल पडतो, त्यासाठी किती थांबावं लागतं, परवानगी कशी मागायची. त्या वीस मिनिटांत फोनला हात लागला नाही. मी तिला रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरबद्दल सांगितलं. १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरून त्यानं सत्तावीस हजारांवर फ्रेम काढल्या. मग हजारेक प्रिंट भिंतींवर आणि जमिनीवर मांडून निवड केली. त्यातून झालेल्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकात उरले ८३. तिनं बारा निवडायचे ठरले. तेही सगळे याच धाग्यातले.

मग प्रश्न बदलला: असे फोटो लागतात कुणाला? रुग्णालयांना, कारखान्यांना, नृत्यसंस्थांना आपल्या वार्षिक अहवालासाठी, संकेतस्थळासाठी. मासिकांच्या फोटो-संपादकांना. आठवड्याला एकाच व्यक्तीला, नावानिशी, चार ओळींची मेल पाठवायची आणि सोबत तीनच फोटो. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करायची, मग पुढचं नाव. पहिल्या पाच मेलनंतर ती रडवेली होऊन आली. एकाचंही उत्तर नव्हतं. त्या दिवशी आम्ही फोटोंवर बोललोच नाही, त्या मिटलेल्या अल्बमवर बोललो.

नोकरीबद्दल माझं मत मी स्पष्ट सांगते: महिन्याचा खर्च फोटोंतून निघायला लागेपर्यंत सोडू नये. भाड्याची धास्ती डोक्यावर असली की माणूस मिळेल ते काम घेतो आणि आपला धागा हातचा सुटतो. "पैसे नाहीत, पण नाव होईल" म्हणणाऱ्यांनाही नकार द्यायला शिकावं. एखाद्या कामासाठी मनापासून फुकट राबायचं असेल तर जरूर राबावं, पण फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, श्रेय कसं देणार, हे आधी लिहून घ्यावं.

नवव्या मेलला उत्तर आलं: सध्या काम नाही, पण नर्सचा फोटो लक्षात राहिला. तिनं तोच फोटो छापून त्या नर्सला नेऊन दिला, मागे स्वतःचं नाव आणि नंबर लिहून. नर्सनं तो कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावला. तिथे तो व्यवस्थापनातल्या एका बाईंनी पाहिला आणि उलटा करून नंबर फिरवला. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांचे फोटो हवे होते, दोन रात्रींचं काम, मानधन ठरवून.

सोमवारी तिला त्या बाईंना भेटायचं आहे. परवा फोनवर विचारत होती, "बाराही प्रिंट नेऊ ना? त्या बघत असताना मी कुठे बघायचं?"

"त्यांच्या चेहऱ्याकडे," मी म्हटलं.