बारावी सायन्सचा पोरगा वाड्यांच्या दुरुस्तीत पडतोय, पडू द्यावं का?

सोलापुरातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स, मार्क साठच्या आसपास. सुट्टीत उत्तर कसब्यातल्या एका जुन्या वाड्याचं काम बघायला गेला आणि तिथंच रमला, आता म्हणतो इंजिनिअरिंग नको, मिस्त्रींच्या हाताखाली हेच शिकणार. वडील टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. शेवटी त्यांनी लिहिलंय, "आमच्यात कुणी गवंडीकाम केलं नाही, उद्या याला मुलगी कोण देणार?"

नमस्कार,

तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, वरचं सगळं कॉलेज, स्कोप वगैरे त्याच्यावरचं पांघरूण. राग मानू नका. पण पोरगं नेमकं कशात पडतंय ते आधी बघू, मग मुलीचं बघू.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेली, अक्कलकोट, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातले वाडे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. लहानपणी मामांच्या हाताखाली, आधी चुन्याच्या घाणीवर बैल हाकायचे, मग चुना चाळायचे, थापी हातात मिळाली तोवर मिसरूड फुटलेलं. पुढे सगळीकडे सिमेंट आणि स्लॅब आला, वाड्याला कुणी विचारेना, मधली कित्येक वर्षं त्यांनी सेंटरिंगवर काढली. आता पुण्याचे आर्किटेक्ट त्यांना शोधत येतात. बोर्डावर नाव आर्किटेक्टचं, यांचं कुठंच नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं, हेपण तुमच्या पोराला माहीत असू दे.

ते करतात काय? आपल्याकडची माळवदाची घरं तुम्हाला माहीतच असतील, तुळया, त्यावर लाकडं, वर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस त्रेचाळीस डिग्री असताना आत बसवतं ते त्या मातीमुळं. आता माळवद गळायला लागलं की लोक दरवर्षी वर नवी माती टाकत जातात, जुनी काढत कुणी नाही, वजन वाढत वाढत जातं आणि एक दिवस तुळई वाकते. घरमालक म्हणतो लाकूड जुनं झालं, पाडा. हे मिस्त्री आधी वरची माती उतरवायला लावतात, मग तुळईची भिंतीत गेलेली टोकं ठोकून बघतात, कारण ओल भिंतीतून येते आणि लाकूड तिथंच आधी कुजतं, मधला भाग बऱ्याचदा ठणठणीत असतो. मग कुजलेलं टोक कापून तेवढ्यालाच नवीन लाकडाचा सांधा. अख्खी तुळई बदलायची गरजच नाही. मालकाचा केवढा खर्च वाचला बघा!

चुन्याचं पण तसंच. कळीचा चुना विरवायचा, मुरू द्यायचा, वाळू आणि सुरखी म्हणजे भाजक्या विटांची पूड घालून मळायचा, कुठं गुळाचं नाहीतर हिरड्याचं पाणी. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये पोती ओली करून झाकलं नाही तर तडकतो. त्याच भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही, लोणा म्हणजे खाराचा पांढरा थर धरतो, आतल्या आत विटेचा भुगा होतो, वरून मात्र भिंत नवीकोरी. अशी घरं आपल्या पेठांमधून ढिगानं आहेत, मला तर बघवत नाही.

म्हणजे हे डॉक्टरकीसारखं काम आहे, निदान आधी आणि थापी नंतर, आणि ते निदान इथं फार थोड्यांना येतं. २०२४ साली पंढरपूरला विठ्ठल मंदिरात काम झालं, नंतर बसवलेलं ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला, तिथं असलेच जाणकार हात लागतात.

आता वाईट बाजू. पैसा सरळ येत नाही. वाड्याला दहा वारस, नऊ तयार, एक सही करत नाही, काम अर्धवट पडतं आणि मिस्त्रीची उधारी तशीच लटकते. सरकारी काम असेल तर बिल कधी निघेल देव जाणे. गुडघे जातात, कंबर जाते. आणि नुसता हात असला, कागद नसला, तर माणूस हजेरीवरच राहतो, जाणकार असला तरी. आमच्या मिस्त्रींचं तेच झालं, त्यांना एस्टिमेट लिहिता येत नाही म्हणून मधला कॉन्ट्रॅक्टर खातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, काम सोडवू नका, पण डिप्लोमा करायला लावा. बारावी सायन्स झालंय म्हणजे सिव्हिल डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, दोनच वर्षं, आणि गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निक सोलापुरातच आहे, होस्टेलचा खर्च नाही. सर्व्हे, ड्रॉइंग, एस्टिमेट, टेंडर वाचणं तिथं शिकेल. चुन्याबद्दल तिथं फारसं शिकवणार नाहीत, ते रविवारी आणि सुट्टीत मिस्त्रींकडे. ड्रॉइंगचा हात खरंच चांगला असेल तर बी.आर्च., पाच वर्षं, त्याला नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा नाहीतर जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो, आणि पुढे दिल्लीच्या एसपीएत, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, कॉन्झर्वेशनमध्ये म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनात एम.आर्च. आहे. गणितासह डिप्लोमा केला तरी बी.आर्च.ला अर्ज करता येतो, त्यामुळं आज दार बंद होत नाही. साधं बी.ई. ढकलून करायला लावू नका, साठ टक्क्यांत मिळेल तसल्या कॉलेजात चार वर्षं आणि लाखो रुपये घालवून परत साइटवरच उभा राहणार, मग हेच बरं की. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः कामाला लागला तर पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री आणि सुतार दोन्ही बसतात, अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजानं टप्प्याटप्प्यानं तीन लाखांपर्यंत कर्ज. घरटी एकालाच मिळतं.

मुलीचं. खरं सांगू, "गवंडी" म्हणून सांगितलं तर अवघड जाईल, आपला समाज तसाच आहे, आणि त्यात गवंड्याची काय चूक? डिप्लोमा असलेला, स्वतःच्या नावावर कामं घेणारा पोरगा म्हणून सांगितलं तर कुणी नाक मुरडणार नाही. तोवर अजून सात-आठ वर्षं आहेत, एवढ्यात कशाला डोकं शिणवताय.

एकदा मात्र स्वतः त्या वाड्यावर जाऊन या. मिस्त्रींशी बोला, पोराला ते काय काम देतात बघा, नुसती पाटी उचलायला ठेवलंय की सांधा शिकवतायत, यावर बरंच ठरतं. डोमिसाईल, जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रीमीलेयर, हे आत्ताच काढायला टाका, निकालानंतर सेतूत उभं राहवत नाही. आणि चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान, म्हणून पोराला आधी एक चांगला गॉगल आणि रबरी हातमोजे घेऊन द्या, मिस्त्री लोक स्वतः घालत नाहीत आणि पोरंही त्यांचं बघून घालत नाहीत.